टेलच्या तात्यांचा 'पाट'

आमच्या ऑफिसात चहा आला की तात्या खुर्चीतून उठायचे. चहा आणणाऱ्या सुमनमावशींचा क्रम सगळीकडे असतो तोच होता. आधी सरांची केबिन, मग खिडकीजवळचे जुने लोक, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी बाथरूमच्या दाराशी टेबल मिळालेलं नवं माणूस, ज्याच्या कपात निम्मा चहा आणि निम्मा गाळ पडायचा. तात्या मावशींच्या ट्रेसमोर आडवे उभे राहायचे आणि म्हणायचे, "मावशी, उलट्या फिरा. आधी टेल." मावशी तोंडाला पदर लावून हसत उलट्या फिरायच्या आणि सर केबिनमध्ये खाकरत बसायचे. मी नोकरीला लागले त्या दिवशी बाथरूमच्या दाराशी मीच होते. पहिला वाफाळता कप मला मिळाला आणि हा माणूस फार मायाळू आहे अशी माझी समजूत झाली. ती दुपारपर्यंत टिकली. दुपारी त्यांनी माझा कोड पाहिला.

"गाव कुठलं तुजं?"

"वडगाव निंबाळकर."

"तरीच. वरची हायेस. लागंल त्याच्या दुप्पट पाणी वढतोय तुजा कोड. खोड समदं, पुन्ना लिव."

कालव्याच्या काठची माणसं जगाचे दोनच भाग मानतात. कालव्याच्या तोंडाकडचे ते वरचे आणि शेवटाकडचे ते टेलचे. आमचं वडगाव वरचं. तात्यांची वस्ती इंदापूर तालुक्यात, कालव्यातून फुटलेली चारी जिथं संपते तिथं. तिच्यापुढे नुसत्या वेड्या बाभळी. आमच्या उसानं पोटभर पिऊन जे उरेल ते त्यांच्या वाट्याला. स्वतःची ओळख करून देताना ते आडनावही सांगत नसत. "आमी टेलचे," एवढंच म्हणायचे, जणू तीच त्यांची भावकी. म्हणून सगळं ऑफिस त्यांना टेलचे तात्या म्हणायचं आणि ते सगळ्यांना गावाच्या नावानं हाका मारायचे. मी वडगाव. माझ्याशेजारी बसणारा सचिन हा मोरगाव. "मोरगाव, तुला पाण्याचं काय कळणार? तुमच्याकडं पाऊस आला तर बाजरी, न्हाय आला तर गणपती." सचिन गरीब स्वभावाचा, तो हसून घ्यायचा. मला हसायला येत नसे.

आमचं ऑफिस म्हणजे जळोचीत ठिबकच्या पाइपांच्या दुकानावर घेतलेल्या तीन खोल्या. शाळा, मंगल कार्यालयं, पतसंस्था यांच्या वेबसाइट आम्ही करायचो. तात्या पुण्यातल्या मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून आमच्याकडे आलेले. "कंपनीनं मला काढलं न्हाय, मी कंपनीला काढलं," असं ते येईल त्याला सांगायचे. खरं उलटं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पन्नाशीच्या माणसाच्या पगारात दोन तरुण पोरं येतात हा हिशेब पुण्यातल्या कंपन्यांना छान जमतो. वस्तीवर तात्यांचं घर होतं, काकू होत्या, दोन गाई आणि थोडं रान होतं. रोज मोटरसायकलवरून यायचे, डोक्याला उपरणं गुंडाळून, आणि आल्या आल्या कुणाला तरी झापायचे.

प्रोग्रामिंगमध्ये सगळंच कुणी नव्यानं लिहीत नाही. तारखा मोजणं, याद्या लावणं असली कामं कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. त्या तयार कोडच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. इंटरनेटवरून उचलायची आणि आपल्या कामाला जोडायची. सगळं जग असंच काम करतं. तात्यांना ते कधीच पटलं नाही. "फुकाट मिळतंय म्हणून कुणालाबी घरात घ्यायचं? त्याचा बा कोण, तो कवा उठून जाईल, ठावं हाय का तुला?" एकदा आम्ही मंगल कार्यालयाच्या बुकिंगसाठी बाहेरची एक कॅलेंडरची लायब्ररी घेतली होती. तिकडे परदेशात तिच्या मालकानं काहीतरी बदललं आणि इकडे एका हॉलची एकच तारीख दोन लग्नांना गेली. दोन्हीकडचे मामा ऑफिसात येऊन सरांच्या टेबलावर मुठी आपटत होते. त्या दिवशी तात्यांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना भेळ खाऊ घातली. इतका आनंदी मी त्यांना नंतर कधी पाहिला नाही.

मग इंदापूरकडच्या एका पाणी वापर संस्थेचं काम आलं. चारीवरच्या शेतकऱ्यांना पाण्याची पाळी मोबाईलवर कळावी, चारीच्या काठावर राखण करत बसावं लागू नये, भांडणं कमी व्हावीत, असा त्यातला विचार. पाळी लागते टेलकडून. सगळ्यात शेवटचं शेत आधी भिजतं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. हा नियम जुनाच आहे; तो पाळायला पाटकरी असतो. तिथले पाटकरी दगडूआबा, हातात गेटाची किल्ली आणि तोंडात तंबाखू. आता आबांच्याही हातात मोबाईल येणार होता आणि त्यावर ज्याचं नाव येईल त्यालाच त्यांनी पाणी सोडायचं होतं.

पाळ्या लावायला तयार लायब्ररी मिळत होती. मी ती तात्यांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि म्हणाले, "ही एसटीची टायमं लावायला बरी हाय. पाणी म्हंजे एसटी हाय व्हय?" मग ते दगडूआबांबरोबर चारीवरून हिंडू लागले. आठवड्यातले निम्मे दिवस ऑफिसात नसायचे, सर चिडायचे. पण त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःची लायब्ररी लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'पाट'. कोडमध्ये कुणी मराठी नावं देत नाही. तात्यांनी दिली, तीही देवनागरीत. पाळी_लाव. दार_मोड, म्हणजे पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळव. वाटा_बदल. आमच्या कॉम्प्युटरवरचा कोड तपासणारा प्रोग्राम त्यांवर पिवळ्या रेघा मारायचा आणि तात्या त्या रेघांना शिव्या घालायचे.

त्या लायब्ररीत 'सुतक' नावाचा एक नियम होता. टेलच्या वस्त्यांवर असा रिवाज आहे की घरात कुणी गेलं तर त्या घरचं माणूस दारं धरायला, म्हणजे रानाला पाणी द्यायला, जात नाही. पण पाळी बुडत नाही. शेजारी कुणी न सांगता फावडं घेऊन जातो, आधी त्यांचं रान भिजवतो, मग स्वतःचं. तात्यांचे वडील गेले तेव्हा त्यांचं रान शेजारच्या भानुदासच्या बापानं भिजवलं होतं. दोन्ही घरांचा बांधावरून कोर्टात दावा चालू होता, एकमेकांशी बोलणं बंद होतं. तो माणूस आला, पाणी दिलं आणि दाराकडे न बघता निघून गेला. दावा पुढे चालूच राहिला. ही गोष्ट तात्या फार अभिमानानं सांगायचे. त्यांच्या 'पाट'मध्ये शेजाऱ्यानं किंवा पाटकऱ्यानं नुसतं कळवलं की त्या घरासमोर सुतक लागायचं, नाव जागचं हलायचं नाही, आबांच्या मोबाईलवर गेट उघडायची परवानगी तशीच यायची.

"पण तात्या, पुरावा?" मी विचारलं.

"कसला?"

"खरंच कुणी गेलंय याचा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याची लाज वाटली. "मेल्याचं खोटं कोण सांगतंय, वडगाव?"

'पाट' चालला. पहिल्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं त्या पहिल्या खेपेला, चारीवर एकही डोकं फुटलं नाही, म्हणून आबा पेढे घेऊन आले. पण ते पेढे येण्याआधी जी फजिती झाली तीही सांगायला हवी. संस्थेच्या सभेत ॲप पहिल्यांदा दाखवायचं होतं. मंडप, सतरंज्या, पुढच्या खुर्च्यांवर संचालक, सगळी तयारी. मी बटण दाबलं आणि पडदा पांढराच राहिला. तात्यांनी 'पाट' कधी ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवलाच नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये होता आणि ॲपला तिथलाच पत्ता दिलेला. लॅपटॉप घरी. भर सभेत ॲप बिचारं तात्यांचं घर शोधत बसलं होतं. तात्या मोटरसायकलवरून वस्तीवर गेले, खताच्या पिशवीत गुंडाळून लॅपटॉप घेऊन आले आणि घामानं निथळत पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, "बघा, परका असता तर आला असता व्हय इतक्या उन्हाचा?" लोक हसले, टाळ्या पडल्या. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागे लागले. लायब्ररी सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा, कुठला भाग काय करतो ते चार पानांत लिहून काढा. उद्या काही बिघडलं तर आम्ही काय करायचं? त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी हाय की." प्रत्येक वेळी तेच. सुतक कुठून लागतं, कुठं सुटतं? "मी हाय की." एकाची पाळी दुसऱ्यानं घेतली तर परतफेड कशी धरली आहे? "मी हाय की, इचार की मला." विचारलं की सांगायचे, अगदी रंगवून सांगायचे. लिहून मात्र द्यायचे नाहीत.

त्यांचं माझ्यावर प्रेम होतं हे मला कळायचं, पण ते दाखवण्याची तऱ्हा वेगळी. माझ्या वडिलांनी नोकरी सोड म्हणून घरात धोशा लावला होता. लग्नाचं बघायचं होतं. मी तात्यांना काही बोलले नव्हते, सचिननं सांगितलं असावं. एका रविवारी ते आमच्या दारात हजर. वडिलांशी त्यांनी चहा संपेपर्यंत आणि संपल्यावरही बराच वेळ कालव्यावरून भांडण केलं. वरच्यांनी कसं पाणी चोरलं, कुणाच्या मोटरी कुठं बसवलेल्या आहेत, सगळं काढलं. वडील लालबुंद झाले होते. नोकरीचा विषय निघालाच नाही. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "पोरगी हुशार हाय तुमची. वरची हाय, येवढीच खोट." वडील नंतर कितीतरी दिवस त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. पण माझ्या नोकरीबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

पुढे ती योजना मोठी झाली. कालव्यावरच्या आणखी संस्था यायच्या होत्या, म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनी बाहेरची एक कंपनी नेमली आणि तिनं आमचं ॲप तपासायला घेतलं. व्हिडिओवर मीटिंग झाली. पलीकडचा मुख्य माणूस इंग्रजीत बोलणारा, वागायला सभ्य. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. पडद्यावरचं 'सुतक' दाखवून त्यानं सरांना विचारलं, हे काय आहे? सर गडबडले. पडद्याकडे बघून म्हणाले, "सर, इट इज लाइक लीव्ह."

"रजा न्हाय ओ ती," तात्या शेजारून म्हणाले. सरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला.

पण खरं सांगायचं तर त्या कंपनीनं 'पाट' लगेच फेकून दिला नाही. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. कोड सगळ्यांना दुरुस्त करता येईल अशा ठिकाणी ठेवा आणि तो कसा चालतो ते लिहून द्या. महिन्याची मुदत दिली. एवढं केलं असतं तर 'पाट' राहिला असता आणि आणखी कितीतरी चाऱ्यांवर गेला असता. तो महिना मी तात्यांच्या हातापाया पडण्यात घालवला. तुम्ही सांगा, मी लिहिते, असंही म्हणाले. वही घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. ते उठून खिडकीशी जायचे. शेवटी एकदा चिडून ओरडले, "पुण्यात लिवून दिलं हुतं मी! समदं लिवून दिलं. पोरांना समजावून सांगितलं, हातानं गिरवून घेतलं त्यांच्याकडनं. आन् लिवून झालं त्याच महिन्यात मला नारळ दिला. कळलं? आता माझ्यापशी हाय म्हणून मी हाय."

मी वही मिटली. ते चुकीचं सांगत नव्हते.

मुदत संपली त्या दिवशी पुन्हा मीटिंग झाली. कागद आहेत का? तात्या म्हणाले, "मी हाय की." पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, "अँड आफ्टर यू?" सरांनी त्याचं मराठी केलं नाही. गरज नव्हती, तात्यांना इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं यायचं. त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि जिना उतरून गेले. मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. ते पुन्हा ऑफिसात आले नाहीत.

कंपनीनं बाहेरची तयार लायब्ररी बसवली. पाळी टेलकडूनच लागत राहिली, तो नियमच असल्यामुळे त्यांना ठेवावा लागला. 'सुतक' मात्र गेलं. त्याऐवजी सुटसुटीत सोय आली. पाळीची वेळ झाली की खातेदाराचा मोबाईल वाजतो, त्यानं 'हजर' दाबायचं. थोड्या वेळात दाबलं नाही तर तो गैरहजर, नाव पुढे सरकतं आणि त्याची पाळी थेट पुढच्या आवर्तनाला. मोबाईलमधून बोलायला मराठी बाईचा आवाज हवा होता. ऑफिसात आवाज स्वच्छ माझा, म्हणून सरांनी माझाच घेतला. मी मीटिंगमध्ये सुतकाचा विषय काढून पाहिला होता. मला सांगण्यात आलं की अपवादांवर सिस्टिम उभी करता येत नाही.

तात्यांनी ते ॲप घेतलं. घेणार नाहीत तर काय करतील, पाणी हवं होतं. एक दिवस त्यांचा फोन आला. "वडगाव, मोबाईलमधनं तू बोलतीस व्हय गं? वरच्यांनी टेलला पाण्याला बोलवायचं, आक्रीतच म्हणायचं हे." आणि मोठ्यानं हसले. मग गाईंचं सांगितलं, काकूंच्या गुडघ्यांचं सांगितलं. 'पाट'बद्दल त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही काही काढलं नाही.

ते गेले उन्हाळ्यात. सकाळी गोठ्यात शेण काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत. मला फोन आला तशी मी आणि सचिन निघालो. पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, बायका काकूंना धरून बसल्या होत्या, लेक पुण्याहून यायची होती म्हणून थांबले होते. मी दाराच्या आत उंबऱ्याशी उभी होते. आणि खुंटीवरच्या शर्टातून माझाच आवाज आला. "नमस्कार. आपली पाणीपाळी सुरू झाली आहे. कृपया हजर दाबा." थोडं थांबून परत तेच. अंगणातलं रडणं एकदम थांबलं. सगळे त्या शर्टाकडे बघत होते आणि मला भिंतीत शिरावंसं वाटत होतं.

शेजारच्या भानुदासनं शर्टातून मोबाईल काढला. त्याला लॉक होतं. कुणालाच आकडे ठाऊक नव्हते. मागून एकजण हळूच म्हणाला, अंगठा लावून उघडतो का बघा. काकूंनी ते ऐकलं. त्या उठल्या, बायकांचे हात झटकले आणि भानुदाससमोर उभ्या राहिल्या.

"खबरदार! जित्तेपणी त्या बटनाला शिव्या घातल्या त्यांनी. आता मेल्यावर दाबायला लावता व्हय?"

भानुदासनं मोबाईल तसाच शर्टात ठेवला आणि कोपऱ्यातलं फावडं उचलून चारीकडे निघाला. बापानं जे केलं होतं तेच करायला. दगडूआबा गेटावर होते. त्यांना सकाळीच कळलं होतं, डोळे सुजले होते. पण मोबाईलवर तात्यांच्या नावापुढे 'गैरहजर' आलं होतं आणि वरच्या बाजूचा शेतकरी आपलं नाव दाखवत उभा होता. आबांनी नावाविरुद्ध गेट उघडलं असतं तर त्याच घडीला तक्रार वर गेली असती आणि त्यांचं काम सुटलं असतं. ते भानुदासला म्हणाले, "म्या काय करू लेकरा?" भानुदास कोरडं फावडं घेऊन परत आला. अंगणात शिरताना मला बघून थांबला.

"ताई, हे तुमच्याच हापिसातलं ना?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं फावडं परत कोपऱ्यात ठेवलं. पुढचं आवर्तन येईपर्यंत रानातला मका वाळून गेला. वैरण संपली आणि काकूंनी दोन्ही गाई विकल्या. आता त्या पुण्यात लेकीकडे असतात.

मी सरांशी भांडले, अगदी नोकरी गेली तरी चालेल इतकं भांडले. सरांनी ते मनावर घेतलं, कंपनीला कळवलं, आणि काही महिन्यांनी नवी सोय आली. तिचं उद्घाटन झालं, नारळ फुटला. ॲपमध्ये आता 'कुटुंबातील निधन' असं बटण आहे. खातेदाराला किंवा शेजाऱ्याला ते दाबता येतं. पाटकऱ्याला कळलं तर त्यानं ते दाबलंच पाहिजे. दाबलं की नाव थांबतं आणि खाली एक चौकोन उघडतो: मृत्यूचा दाखला अपलोड करा. तो चढवेपर्यंत पाणी नाही. भाषणात सर म्हणाले, ही आमच्या तात्यांची आठवण आहे. मी नंतर त्यांना विचारलं, दाखला ग्रामपंचायतीतून कधी मिळतो आणि पाळी कधी असते? ते म्हणाले, "अगं, पुरावा नको का? लोक गैरफायदा घेतात."

मला सरांचा राग येतो. त्या सभ्य इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचाही येतो. पण सगळ्यात जास्त राग तात्यांचा येतो, आणि तो काही केल्या जात नाही. चार पानं लिहून द्यायची होती, बस. पुण्यातल्या कुण्या कंपनीचा सूड त्यांनी स्वतःच्या चारीवर काढला. मी हाय की, मी हाय की करत राहिले. त्यांच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही, आणि आज मी जो कोड लिहिते त्याच्या प्रत्येक भागाखाली तो काय करतो हे सविस्तर लिहून ठेवते. लिहिताना त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलेली असते. वाचणारा कुणी नसतो, तरी लिहिते.

गेल्या आठवड्यात एका दुरुस्तीसाठी टेलला गेले होते. गेटाच्या सावलीत दगडूआबा बसले होते. थकलेत आता. 'निधन'चं बटण कुणी वापरतं का, मी विचारलं.

"त्ये कोण दाबतंय, ताई. टेलच्या म्हाताऱ्यांच्या मोबाईलला आता लॉक ठिवत न्हाईत, येवढं मातर झालंय." त्यांनी तंबाखू थुंकली. "परवा शेवटच्या वस्तीवरची म्हातारी गेली. सकाळीच गेली, पाळी दुपारची. मला कळलं तर मला बटन दाबाय लागतंय, मग पाणी बंद. म्हणून मलाबी सांगितलं न्हाय. पोरगा आला, माझ्याशी पिकापाण्याचं बोलला, म्हातारीच्या मोबाईलवर हजर दाबलं, दारं धरली. घरात सुनांनी तोंडात पदर कोंबलं हुतं म्हणं. शेवटच्या वाफ्याला पाणी बसलं, त्यानं फावडं धुतलं, घरी गेला. मग रडं उठलं, ताई. समद्या रानाला आईकू आलं."